दात मोजा, मग बोली लावा: सिम हॉकीतला ड्राफ्ट क्लास वाचण्याची रीत

आमच्या लीगचा ड्राफ्ट जूनमध्ये असतो आणि टोरांटोच्या घड्याळात रात्री नऊला सुरू होतो. म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसहा. बाहेर पावसाची झड लागलेली, खाली दूधवाल्याची हाक, आणि मी लॅपटॉपसमोर बसून जगात अस्तित्वातच नसलेल्या एका अठरा वर्षांच्या पोराच्या स्केटिंगची काळजी करत असतो. घरात आता कुणी काही विचारत नाही.

हॉकी म्हटलं की आपल्याकडे ध्यानचंद स्टेडियम डोळ्यांसमोर येतं. ही ती हॉकी नव्हे. ही बर्फावरची, कॅनडा-स्वीडनची, चेंडूऐवजी काळी चकती म्हणजे पक घेऊन खेळायची. आणि सिम (सिम्युलेशन) लीग म्हणजे सामने कॉम्प्युटर खेळवतो. संघ बांधणं, अदलाबदल करणं, पगाराच्या मर्यादेत बसवणं आणि दरवर्षी नव्या पोरांतून आपली माणसं उचलणं (हाच ड्राफ्ट), हे आपलं काम. प्रत्येक संघाला एक जिवंत जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर. शिवाजी पेठेतल्या माझ्या एका मित्रालाही मी या नादाला लावलंय आणि आता तोच दर हंगामात माझ्या उरावर बसतो.

एक-दोन हंगाम खेळलेल्या पण ड्राफ्ट आला की गोंधळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बहुतेक नवे जीएम सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. ते खेळाडू बघतात, क्लास म्हणजे त्या वर्षी पात्र ठरलेल्या पोरांचा अख्खा गट बघत नाहीत. पहिल्या पाच नावांवर तासन्‌तास घालवतात, आणि त्यांचा पिक, म्हणजे निवडीचा नंबर, असतो एकोणिसावा! 'सगळ्यात भारी पोरगा कोण' हे विचारण्याआधी 'यंदा भारी पोरं किती आहेत आणि कितव्या नंबराला संपतात' हे विचारायचं. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आधी नियम

कंटाळवाणं आहे, म्हणून लवकर उरकतो. ड्राफ्टचे राउंड किती, निवडलेल्या पोराचे हक्क किती वर्षं आपल्याकडे राहतात, आणि क्लास खऱ्या खेळाडूंचा आहे की सॉफ्टवेअरने जन्माला घातलेला, एवढं नियमावलीत शोधा. खऱ्या एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग) सात राउंड आणि ३२ संघ, म्हणजे एकूण २२४ नावं. वयाची मेख अशी की १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झालेला पोरगा त्या वर्षी पात्र ठरतो. बऱ्याच सिम लीग हीच तारीख धरतात, पण काही धरत नाहीत. ही तारीख लिहून ठेवा, पुढे ती फार कामाला येणार आहे.

दुसरं, तुमची लीग कुठल्या इंजिनावर, म्हणजे कुठल्या गेम-सॉफ्टवेअरवर, चालते ते बघा. ईस्टसाइड हॉकी मॅनेजरमध्ये खेळाडूचे गुण १ ते २० मध्ये दिसतात, पण आत २०० च्या मापावर आजची कुवत आणि उद्याची कुवत वेगळी लपवलेली असते. फ्रँचायझी हॉकी मॅनेजरचा हिशेब निराळा. काही लीगमध्ये भविष्याचा आकडा नसतोच, लीग चालवणारा कमिशनर हाताने वाढ देतो. एका इंजिनावरचा शहाणपणा दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. मी एकदा चालवून बघितलाय, तळात गेलो होतो.

शीट बनवा, आणि तारखेच्या कॉलमकडे नीट बघा

सॉफ्टवेअरमधून पात्र खेळाडूंची यादी काढून स्प्रेडशीटमध्ये टाका. कॉलम फार नकोत: नाव, जन्मतारीख, जागा (मधला सेंटर, बाजूचा विंगर, बचावातला डिफेन्समन, गोलरक्षक म्हणजे गोली), उंची-वजन, कुठल्या लीगमध्ये खेळतो, सामने, गोल, असिस्ट (गोल होण्याआधीचा पास), महत्त्वाचे सात-आठ गुण, आणि शेवटी एक मोकळा कॉलम 'का?' म्हणून. तो मोकळा कॉलम आत्ता फालतू वाटेल, पण ठेवा.

इथे एक खड्डा आहे, त्यात आपल्याकडचा प्रत्येक जण एकदा तरी पडतो. अमेरिकन फाइलमध्ये तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी असते. आपल्या कॉम्प्युटरचं सेटिंग भारतीय, म्हणजे दिवस आधी. फाइलमध्ये ०९/०४ लिहिलंय म्हणजे ४ सप्टेंबर. आपली शीट ते गुपचूप ९ एप्रिल करून टाकते. चूक कळतही नाही, कारण तारीख दिसायला अगदी व्यवस्थित असते. ओळखायची खूण सांगतो. दिवस बाराच्या पुढचा असेल तर शीटला ती तारीख पचत नाही आणि ती साधा मजकूर म्हणून डाव्या बाजूला चिकटून राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजायचं, घोळ झालाय. फाइल उघडतानाच त्या कॉलमला महिना-दिवस-वर्ष असा क्रम सांगा. माझ्या पहिल्या शीटमध्ये क्लासमधला जवळजवळ सगळ्यात लहान पोरगा पाच महिन्यांनी थोरला झाला होता, आणि त्याच पोराला मी 'वयाच्या मानाने कच्चा' म्हणून सोडलं.

क्लास एका नजरेत

अजून एकाही नावावर थांबायचं नाही. आधी मोजणी. सेंटर किती, डिफेन्समन किती, गोली किती? पहिल्या पन्नासात कोण किती? एखाद्या वर्षी पहिल्या वीसात चौदा विंगर निघतात. मग विंगर कितीही चांगला असला तरी त्याला घाई नाही, तसा दुसरा खाली मिळणार आहे. सेंटर मोजकेच असतील तर ते आधी उडणार.

मग मागच्या तीन-चार वर्षांच्या ड्राफ्टच्या वेळची यादी काढा आणि शेजारी ठेवा. तेव्हाचा पहिला, दहावा, तिसावा, साठावा खेळाडू कसा होता. यंदाचा पहिला, दहावा, तिसावा, साठावा कसा आहे? चार आकडे इकडे, चार तिकडे. तेवढ्यात कळतं की यंदाचं पीक वरच्या बाजूला दाट आहे की मधल्या पट्ट्यात.

खऱ्या हॉकीत दोन वर्षं यासाठी कायम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. २००३ चा क्लास म्हणजे नुसती रास. पहिला फ्ल्यूरी, दुसरा एरिक स्टाल, हे झालं नेहमीचं. पण रायन गेट्झलाफ एकोणिसावा गेला, ब्रेंट बर्न्स विसावा, कोरी पेरी अठ्ठाविसावा. दुसऱ्या राउंडमध्ये पॅट्रिस बर्जरॉन ४५ वा आणि शेआ वेबर ४९ वा. आणि जो पावेल्स्की २०५ वा! अशा वर्षी शहाणा माणूस वर चढायला, म्हणजे अदलाबदलीत वरचा नंबर मिळवायला, पैसे मोजत नाही, खालचे जास्तीचे पिक गोळा करतो. उलट १९९९. पहिला गेला पॅट्रिक श्टेफान, जो त्या जागेला कधीच शोभला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला व्हँकुव्हरने सेदीन जुळे भाऊ उचलले, आणि त्यांच्यानंतर पहिल्या राउंडमध्ये बराच दुष्काळ. दुसरे-तिसरे लागोपाठचे पिक मिळवायला व्हँकुव्हरने किती खटपट केली ते वाचलं की कळतं, क्लास पातळ असताना वर चढायचं असतं. (त्याच १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्ग २१० वा गेला. म्हणजे पातळ क्लासच्याही तळाशी रवा शिल्लक असतो. पण त्याच्या भरवशावर संसार करू नका.)

दात मोजणं

माझे आजोबा वडगावच्या बाजारात जनावर घ्यायला जायचे. लहानपणी एकदा मला घेऊन गेले. खोंड उंच, अंगावर तकाकी, मालकाने शिंगं रंगवलेली. मी म्हटलं, हाच घ्या. आजोबांनी काही न बोलता खोंडाचा ओठ वर केला, दात बघितले आणि पुढे चालायला लागले. नंतर म्हणाले, "जुळलाय तो. आता वाढायचा न्हाई. आज दिसतोय तेवढाच." मग त्याच्यापेक्षा बारक्या दिसणाऱ्या एका दोन दाती, म्हणजे अजून वाढत्या वयाच्या, खोंडापाशी थांबले.

ड्राफ्टमध्ये जन्मतारीख म्हणजे दात. १५ सप्टेंबरच्या नियमामुळे एकाच क्लासमध्ये सप्टेंबरच्या उत्तरार्धात जन्मलेला थोरला आणि पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेला धाकटा शेजारी-शेजारी उभे असतात. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. साडेसतरा-अठराच्या वयात एक वर्ष म्हणजे काय ते आपल्याकडच्या कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला विचारा. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवस आधी जन्मला असता तर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये आला असता, जिथे कॉनर मॅकडेव्हिड पहिला आणि जॅक आयकेल दुसरा होता. दोन दिवसांनी तो २०१६ मध्ये ढकलला गेला आणि पहिला निवडला गेला. मॅथ्यूज थोरला असूनही सोनंच निघाला. मुद्दा एवढाच की त्याचे आकडे वाचताना तो क्लासमधला थोरला आहे हे डोक्यात ठेवावं लागतं.

आता हे शीटमध्ये कसं आणायचं? ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येकाचं वय महिन्यांत काढा. मग जुन्या फाइलमधून असे चाळीस-पन्नास खेळाडू घ्या ज्यांचे ड्राफ्टच्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे गुण दोन्ही तुमच्याकडे आहेत. त्यांची वर्षभरातली सरासरी वाढ काढा. समजा ती तुमच्या मापावर सहा गुण आली, तर महिन्याला अर्धा गुण. सगळ्यात थोरल्याला शून्य धरा आणि त्याच्यापेक्षा जितके महिने लहान, तितके अर्धे गुण धाकट्याला बहाल करा. दहा महिने लहान असलेल्याला पाच गुण जास्त. एवढ्याने यादी अशी काही हलते की पहिल्यांदा करणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

उलट बाजूही सांगून ठेवतो. मागच्या एक-दोन ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेले, वयाने मोठे खेळाडू पुन्हा यादीत येतात. लोक त्यांना शिळे समजून सोडतात. पावेल दात्सुकला आधीच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला १७१ वा उचलला आणि पुढे काय झालं ते हॉल ऑफ फेममध्ये लिहिलेलं आहे. शेवटच्या दोन राउंडमध्ये मी मुद्दाम अशांची वेगळी चाळणी लावतो: वय वीस, पण गेल्या वर्षीपेक्षा आकडे झपाट्याने वर गेलेले. पाचातला एक जरी लागला तरी नफा.

पॉइंट्सचा भाव एकसारखा नसतो

गोल अधिक असिस्ट म्हणजे पॉइंट्स. ओंटारिओच्या ज्युनिअर लीगमध्ये पोरं पोरांविरुद्ध खेळतात. स्वीडनच्या वरच्या लीगमध्ये सतरा वर्षांचा पोरगा तीस वर्षांच्या बाप्यांबरोबर धक्काबुक्की करतो. तिथले वीस पॉइंट आणि इथले ऐंशी पॉइंट सरळ ताडून बघणं म्हणजे गल्लीतल्या टेनिस बॉलच्या धावा रणजीच्या धावांशेजारी लिहिणं.

खऱ्या हॉकीत यासाठी एका लीगचे पॉइंट एनएचएलच्या मापात बदलणारे गुणक बरेच दिवस वापरात आहेत. ते वापरू नका असं मी म्हणणार नाही, पण तुमच्या सिमचं इंजिन खऱ्या जगासारखं वागेलच असं नाही. स्वतःचा गुणक काढा, तासाभराचं काम आहे. एखाद्या लीगमधून पुढच्याच हंगामात वरच्या लीगमध्ये गेलेले सगळे खेळाडू शोधा. जाण्याआधीचे त्यांचे दर सामन्यामागचे पॉइंट आणि गेल्यानंतरचे. समजा बारा जण सापडले, आधीची सरासरी १.२ आणि नंतरची ०.३६. गुणक आला ०.३.

आता उदाहरण. ओंटारिओतल्या एका विंगरने ६८ सामन्यांत ८५ पॉइंट केले, म्हणजे सामन्याला १.२५. गुणक ०.३ धरला आणि ८२ सामन्यांचा हंगाम धरला तर साधारण ३१. स्वीडनमधल्या दुसऱ्याने ४० सामन्यांत २० पॉइंट, म्हणजे ०.५. तिथला गुणक ०.५५ निघाला असेल तर साधारण २३. कागदावर ओंटारिओवाला पुढे. पण इथेच थांबायचं नाही. स्वीडनवाल्याला बर्फावर मिळतात सामन्याला अकरा मिनिटं, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक गडी शिक्षेमुळे बाहेर असताना, तर त्याला उतरवतच नाहीत. ओंटारिओवाला बावीस मिनिटं खेळतो आणि त्याच्या पॉइंटांचा मोठा वाटा पॉवर प्लेवरचा. मिनिटांवर भाग देऊन बघा, चित्र पालटतं. तुमच्या सिममध्ये मिनिटं दिसत असतील तर पॉइंट कधीच सामन्यावर मोजू नका, साठ मिनिटांवर मोजा.

या गुणकात एक खोट आहे, ती माहीत असावी. वर गेलेले खेळाडू मुळात चांगले म्हणूनच वर गेले. जे गेले नाहीत त्यांचा हिशेब यात नाही. म्हणून गुणक थोडा फुगलेलाच असतो. रांग लावायला चालतो, भविष्य सांगायला नाही.

कुठला गुण वाढतो, कुठला नाही

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो. अठराव्या वर्षी कमी असलेला प्रत्येक गुण सारखा वाईट नसतो. ताकद, अंगमेहनत, फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांत टाकलेला पक) जिंकणं, बचावातली जागा धरणं, हे वयाबरोबर येतं. वेग, हात, पासची नजर याबाबतीत मात्र जे आज नाही ते उद्या मिळेल अशी आशा कमी. हे माझ्या लीगच्या इंजिनाचं वागणं. तुमच्या लीगचं तुम्ही तपासा: पाच वर्षं जुनी फाइल उघडा, तेव्हाची अठराची तीस पोरं घ्या, आज तेविसाव्या वर्षी त्यांचा कुठला गुण किती वाढलाय ते मांडा. जो कॉलम हलला नाही, तो ड्राफ्टच्या दिवशी सोन्याच्या भावाने विकत घ्यायचा. जो भरपूर हलला, त्यासाठी आज पैसे द्यायचे नाहीत.

माझ्या पहिल्या शीटमध्ये मी सगळ्या गुणांची सरळ बेरीज केली होती. त्यामुळे वर कोण आले? धिप्पाड, ताकदवान, अठराव्या वर्षीच जुळलेले बैल. दोघांना मी पहिल्या राउंडमध्ये घेतलं. आज ते माझ्या चौथ्या फळीत सामन्याला सहा मिनिटं खेळतात आणि दोन हंगामांत मिळून सात गोल केलेत.

डिफेन्समन उशिरा पिकतात, हे मनात धरूनच त्यांची रांग वेगळी लावा. आणि गोली? गोली म्हणजे निव्वळ जुगार, खऱ्या हॉकीतही. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला खेळाडूही गोलीच होता, रिक डिपिएट्रो, आणि दुखापतींनी त्याची कारकीर्द खाऊन टाकली. पेक्का रिने २००४ मध्ये २५८ वा, कॉनर हेलिबक २०१२ मध्ये १३० वा. त्याच २०१२ मध्ये आंद्रेई वासिलेव्स्की एकोणिसावा गेला आणि टॅम्पाला दोनदा स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकून दिला, म्हणजे वर घेतलेला गोली कधीच लागत नाही असंही नाही. माझा नियम: पहिल्या दोन राउंडमध्ये गोली नाही, तिसऱ्यापासून दरवर्षी एक. पोती भरून ठेवायची, एखादं बी उगवतंच.

स्वभावाचे गुण दिसत असतील तर शेवटी बघा, पण बघाच. ईस्टसाइडमध्ये जिद्द दिसते. व्यावसायिक वृत्ती, महत्त्वाकांक्षा, सातत्य हे आकडे झाकलेले असतात आणि स्काउटच्या, म्हणजे पोरं हेरणाऱ्या माणसाच्या, वाक्यांतून अंदाज बांधावा लागतो. सारख्याच दोघांत निवड करायची वेळ आली की मी जिद्दीकडे झुकतो.

स्काउट कुठे पाठवायचा

थोडक्यात. पहिल्या पाच जणांवर स्काउट खर्च करू नका, त्यांची कुंडली सगळ्या जगाला पाठ असते. तुमचा पिक जिथे आहे त्याच्या पाच वर आणि पंधरा खाली, एवढ्या पट्ट्यात दोन वेगळे स्काउट पाठवा. दोघांचं एकमत झालं तर छान. एकाने भरभरून लिहिलं आणि दुसऱ्याने नाक मुरडलं, तर तो खेळाडू परत बघण्यासारखा. एकाच स्काउटची प्रत्येक स्वीडिश पोराबद्दल प्रेमाची चिठ्ठी येत असेल तर दोष पोरांत नाही, स्काउटमध्ये शोधा. त्याचे मागच्या वर्षांचे अंदाज आणि निकाल जुळवून बघा.

खऱ्या पोरांच्या लीगमध्ये नाव अस्तित्वात आहे ना, एवढं बघितलेलं बरं. १९७४ मध्ये बफेलोचा जीएम इमलाक ('पंच' हे त्याचं टोपणनाव) याने लांबलेल्या ड्राफ्टला वैतागून अकराव्या राउंडमध्ये तारो त्सुजिमोतो नावाचा जपानी खेळाडू निवडला. असा कुणी नव्हताच. गंमत उघड होईपर्यंत लीगने नाव नोंदवूनही टाकलं होतं.

पायऱ्या पाडा

आता सगळं एकत्र करा: गुण, वयाची भर, पॉइंटचा गुणक, स्काउटचं मत. प्रत्येकाला एक आकडा द्या आणि उतरत्या क्रमाने लावा. नवखा माणूस इथे खूश होऊन शीट बंद करतो. खरं काम इथून सुरू होतं.

आकड्यांतली अंतरं बघा. गेल्या हंगामातली माझी शीट सांगतो. पहिले चार ८८, ८६, ८६, ८५. पाचवा एकदम ७९. पाचव्यापासून तेराव्यापर्यंत सगळे ७९ ते ७६ च्या मध्ये. चौदावा ७१, आणि तिथून तिसापर्यंत हळूहळू ६७ पर्यंत उतार. म्हणजे तीन पायऱ्या: चार जणांची, नऊ जणांची, सतरा जणांची. पायरीच्या आतला क्रम तुमचा भ्रम आहे. सहावा आणि अकरावा यांत तुम्हाला दिसणारा फरक हा तुमच्या मोजपट्टीच्या चुकीपेक्षाही लहान आहे. पायऱ्यांमधलं अंतर मात्र खरं.

माझा पिक होता सातवा. ड्राफ्टच्या आदल्या रात्री शिवाजी पेठेतल्या मित्राचा फोन. त्याच्याकडे बारावा पिक, त्याला एक ठराविक डिफेन्समन हवा होता आणि तो बारापर्यंत टिकणार नाही अशी भीती. मी म्हटलं, बारावा दे आणि वर दुसऱ्या राउंडचा एक दे. तो हसायलाच लागला.

"मर्दा, पाच नंबर खाली जातोयस. दुसऱ्या राउंडसाठी? येडा झालास काय?"

"पायरी तीच हाय."

"कसली पायरी?"

ते मी त्याला सांगितलं नाही. हिशेब साधा होता. तेराव्यापर्यंत पायरी, आणि बाराव्या पिकाआधी अकरा जण जाणार. सगळ्यांनी अगदी माझ्याच यादीप्रमाणे घेतलं तरी माझ्या पायरीवरचे दोन जण उरणारच. प्रत्यक्षात बाकीच्यांच्या याद्या वेगळ्या असतात, त्यामुळे चार उरले. त्यातला सगळ्यात धाकटा मी घेतला, आणि दुसऱ्या राउंडचा पिक फुकट.

याच हिशेबाने उलटंही. तुमचा पिक पंधरावा असता, तर तो पायरीच्या खाली दोनच जागा. तिथून तेरावर चढायला तिसऱ्या राउंडचा पिक द्यावा लागला तर हसत द्यायचा. आणि आठवरून सहावर चढायला कुणी काही मागितलं, तर पाच पैसेही द्यायचे नाहीत. यादीत एक जाड रेघ प्रत्येक पायरीखाली ओढा. ड्राफ्टच्या दिवशी नावांपेक्षा त्या रेघांकडेच बघायचं: माझ्या वळणापर्यंत रेघेच्या वरचे किती उरणार?

बाकीचे जीएम

प्रत्येकाचे मागचे तीन ड्राफ्ट काढून बघा. कुणी दरवर्षी उंच डिफेन्समन घेतो, कुणी आपल्याच देशाचे, कुणी सॉफ्टवेअरच्या मूळ क्रमाबाहेर पाऊल टाकत नाही. हा शेवटचा प्रकार आपल्या फायद्याचा. तो काय घेणार हे त्याच्या आधी तुम्हाला माहीत असतं. तुमच्या पुढच्या पाच जणांचा एवढा अभ्यास पुरे, एकतिसांचा करत बसू नका.

आपल्याला कोण आवडतो हे मात्र कुठेही बोलायचं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे सगळ्यात अवघड. शाहू स्टेडियमवर आपण सोळा वर्षांच्या पोराचं नाव घेऊन अख्खं पॅव्हेलियन गोळा करतो. इथे तोंड शिवून बसायचं.

ड्राफ्टची सकाळ

तीन वर्षांपूर्वी पहिला राउंड झकास झाला. दुसऱ्या राउंडमध्ये माझं वळण यायला चार नावं बाकी होती आणि वीज गेली. राउटर बंद, मोबाइल चार्जिंगला लावलेला पण बटण दाबायचं राहिलेलं, तीन टक्के. वीज आली तोवर माझ्यासाठी सॉफ्टवेअरनेच निवड करून टाकली होती, स्वतःच्या मूळ यादीतला वरचा माणूस. गोली. माझ्याकडे आधीच तीन तरुण गोली होते. तो अजून माझ्याकडेच आहे, फुकट देतो म्हटलं तरी घ्यायला कुणी तयार नाही.

म्हणून आदल्या रात्री हे करून झोपा. आपली यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवा, आणि दहा नावांची नको, पिकाच्या नंबराच्या दीडपट तरी. नको असलेले खेळाडू यादीतून स्पष्ट काढून टाका. लीगमधल्या एका भरवशाच्या माणसाकडे यादीची प्रत द्या (शिवाजी पेठेत नको). मोबाइल पूर्ण चार्ज. शीटचा एक कागदी प्रिंट, त्यावर पायऱ्यांच्या रेघा लाल पेनाने, आणि नाव गेलं की खोडायचं. कागदावर खोडताना हात जे सांगतो ते स्क्रीनवर रंग बदलून कळत नाही.

पिकाला मिळणारा वेळ कमी असतो. तेव्हा नवं काही शोधायचं नाही. रेघेच्या वर कोण उरलंय ते बघा, एकापेक्षा जास्त असतील तर वयाने सगळ्यात लहान असलेला घ्या. हवा असलेला एकही उरला नाही तर पिक खाली विकायचा प्रयत्न करा, नाही विकला गेला तर पुढच्या पायरीतला सेंटर.

आणि निवड केल्या-केल्या, पुढचं नाव यायच्या आत, 'का?' च्या कॉलममध्ये एक ओळ लिहा. तीन वर्षांनी ती वाचायची असते. परवा मी जुनी शीट उघडली. चौथ्या फळीत बसलेल्या त्या दोन बैलांपैकी पहिल्यासमोर मी लिहिलं होतं, 'ताकद १७'. दुसऱ्यासमोर फक्त एक शब्द होता: 'उंच'.